सिंधूताईंचा न उच्चारलेला होकार

दुसऱ्याच्या वस्तूला न विचारता हात लावणारा मनुष्य धम्मशीला हिवाळेला लहानपणापासून खपत नसे. पुढे ती प्रोग्रॅमर झाली आणि हाच तिटकारा तिच्या कामाची शिस्त बनला.

पुण्यात नोकरीला असताना भर बैठकीत तिच्या तोंडून वऱ्हाडीतले "मले वाटते" असे निघून गेले आणि टेबलाभोवती हशा पिकला. त्यानंतर ती तिथे कामापुरतेच बोलू लागली, आणि तिच्या गप्प राहण्याचा अर्थ प्रत्येकाने आपापल्या सोयीने लावला. अखेर राजीनामा देऊन ती बुलढाण्याला परतली व देवेश देशमुख यांच्या लहानशा कंपनीत रुजू झाली.

तिथे तिने सभांसाठी एक प्रोग्रॅम घडवला. प्रत्येक सभासदापुढे एक माइक, प्रत्येक माइकच्या आवाजाला स्वतंत्र चॅनेल. प्रोग्रॅमने तो आवाज स्वच्छ करायचा, हळू असेल तर उंचवायचा आणि कोण काय बोलले ते वेगवेगळे ऐकवायचे. कोड लिहिण्याची तिची रीत सोवळ्याहून कडक होती. कोणतेही फंक्शन हाती आलेल्या आवाजात ढवळाढवळ करणार नाही. त्यावरून नवा आवाज तयार करून पुढे देईल. आवाज स्वच्छ करताना क्षणापूर्वीच्या आवाजाची आठवण ठेवावी लागते. ती आठवणही फंक्शनने स्वतःपाशी दडवून ठेवायची नाही. उघडपणे मागून घ्यायची, काम झाले की उघडपणे परत करायची. ज्या चॅनेलची आठवण, त्याच चॅनेलला.

हा प्रोग्रॅम सर्वांत आधी बसवला गेला तो तिची आत्या सिंधूताई हिच्या गावच्या वाचनालयात. आत्याही सभासद असलेल्या त्या वाचनालयाच्या समितीत एक जुना दंडक होता. वडीलधाऱ्यांसमोर तोंड वर करून "नाही" म्हणणे सुनांना व धाकट्यांना जड जाई, म्हणून संस्थापकांनी ठरवून दिले होते की गप्प राहणे हाच नकार मानावा. होकार मात्र तोंडाने उच्चारावा, आणि जागेचा प्रश्न असेल तर तो सर्वांचा असावा. एक जण जरी गप्प राहिला तरी ठराव पडला.

एका सोमवारी सकाळी आत्याचा फोन आला.

"काऊन व धम्मे, मह्या तोंडात शब्द घालाले ठेवलं का तुले त्या कंपनीत?"

"काय झालं आत्या?"

"पोरी अभ्यासाले बसतात ती मागची खोली खताच्या दुकानाले देऊन राह्यले. म्या तं तोंडच नाही उघडलं. अन् तुही मशीन म्हणते सिंधूबाई हाव म्हणाली! अध्यक्ष पंजाबरावनं साऱ्यायले ऐकवलं. आता लोक म्हणतात, बाई घरी एक बोलते अन् सभेत एक."

"तुहाच आवाज होता?"

"बसका, घोगरा. सर्दी असन म्हणे! पुढच्या रविवारी चावी देतात दुकानदाराले."

धम्मशीलेने कोड उघडला. मध्यंतरी आपण महिनाभर रजेवर असताना आपल्या कामाचे काय झाले, हे समजायला तिला फार वेळ लागला नाही. सर्व चॅनेलांसाठी आता आठवण ठेवण्याची एकच सामाईक जागा होती. एका माइकवरच्या शब्दाचा पुसट अंश त्या जागेतून शेजारच्या चॅनेलमध्ये झिरपत होता. बोलणाऱ्याच्या आवाजाखाली तो दबून जाई. परंतु जो माणूस गप्प बसला असेल, त्याच्या चॅनेलमध्ये दुसरे काहीच नसल्याने प्रोग्रॅम इमानेइतबारे तो अंशच उंचवून ऐकवी. जो मुका, नेमक्या त्याच्याच तोंडी शेजाऱ्याचा शब्द!

ती देवेशच्या टेबलापुढे जाऊन उभी राहिली.

"हे कोणी बदललं?"

"मीच. ताई, तुमच्या प्रत्येक गोष्टीची आपली नवी प्रत. त्या स्वस्त मशीनवर प्रोग्रॅम रखडत होता."

"मला विचारलंत?"

"अहो, गावची सभा आहे ती, गाण्याची मैफल नव्हे. एवढंसं कोणाला ऐकू येतं?"

"सगळ्या गावाला ऐकू आलं, सर. न बोललेलं."

देवेशने खुर्ची मागे सरकवली. "हे बघा, प्रोग्रॅमची दुरुस्त आवृत्ती पाठवून देऊ. 'सुधारणा' म्हणून. चूक होती असं लेखी-तोंडी कुठे सांगायचं नाही. बाकीची गावं पण मशीन परत करतील."

"करू द्या," ती म्हणाली, आणि बॅग उचलून बसस्टँडकडे चालू लागली. वाटेभर तिच्या कानांत पुण्याचा तो हशा वाजत होता.

तिच्या सांगण्यावरून त्याच सायंकाळी वाचनालयात समिती जमली. पंजाबराव अध्यक्षांच्या खुर्चीत होते. त्यांच्या डाव्या हाताला सिंधूताई, पदर घट्ट आवळून. मूळ आवाजाला हात लावायचा नाही हा धम्मशीलेचा नियम देवेशने मोडला नव्हता. मोडायचे त्याच्या लक्षात आले नव्हते, इतकेच. त्यामुळे मशीनमध्ये जसेच्या तसे राहिलेले मूळ आवाज तिने आपल्या जुन्या कोडमधून काढून एकेक करून ऐकवले. पंजाबरावांच्या चॅनेलमध्ये खणखणीत होकार, "हाव". सिंधूताईंच्या चॅनेलमध्ये पंख्याची घरघर आणि एक दीर्घ उसासा.

"हा माझा आवाज तिच्याकडे गेला?" पंजाबरावांनी विचारले.

"गेला नाही, काका. आमच्या कंपनीनं नेला. चूक आमची आहे."

पंजाबराव ओशाळले, पण हट्ट सुटला नाही. "बरं, मंग पुन्हा विचारू. खोली द्यायची का? सिंधूबाई?"

दंडकाप्रमाणे आत्या गप्प बसेल आणि ठराव पडेल, असे धम्मशीलेला वाटले. पण सिंधूताईंनी समोरचा माइक उलथा पाडला.

"नाही! ऐकलं का? नाही द्याची. इतके वरसं गप बसून नाही म्हटलं, तं तुमी त्यातबी हाव काढला."

मग त्या भाचीकडे वळल्या. "अन् हे तुहं सामान उचल. चांगलं असन तरी उचल."

"आत्या, आता ते बरोबर चालन."

"तू आहेस तोवर चालन. उद्या पुन्हा कोणी हात घातला मंग?"

धम्मशीलेने एकेका माइकची वायर सोडवायला सुरुवात केली. पंजाबराव मदतीला वाकले, तेव्हा ती त्यांच्याकडे न पाहता म्हणाली, "राहू द्या, काका. हात लावू नका."