थडगं विहिरीपेक्षा जवळ

जावा बेटावरच्या एका डोंगरगावात वारसियेमबाई एकतीस वर्षं गणित शिकवत होत्या. कब्रस्तान शाळेच्या कुंपणाला लागूनच होतं, म्हणून दरवर्षी सातवीचा वर्ग त्या तिथंच नेत. कुंपणाचा कोपरा हा आरंभबिंदू, एक चौकोन म्हणजे एक मीटर. मुली फीत धरून मोजत, आलेखावर बिंदू मांडत आणि कोणता रेषाखंड मोठा ते सांगत. विहीर (९, ०) वर, अंतर नऊ. बाईंच्या नवऱ्याचं, म्हणजे मास्तरांचं, थडगं (६, ८) वर, अंतर दहा. नवरा गेल्यापासून सहा वर्षं थडगंच लांब होतं.

यंदा प्रत्येक वहीत ते (५, ७) वर होतं. अंतर साडेआठच्या जरा वर; विहिरीपेक्षा कमी.

"फीत ढिली धरलीत गं," म्हणत बाई स्वतः मोजायला गेल्या. उत्तर तेच आलं. मग त्यांनी नवऱ्याच्या थडग्यापासून सासूच्या थडग्यापर्यंत मोजलं. ते पूर्वीइतकंच, चार मीटर. शेजारच्यांचंही तसंच. एकमेकांतलं अंतर न मोडता सगळी थडगी शाळेकडे सरकली होती.

कब्रस्तानाचा म्हातारा राखणदार सार्दी म्हणाला, "मला वाटलं, तुम्हाला ठाऊक असेल. जमिनीला कान लावा."

त्यांनी लावला. खालून कुणी दळत असल्यासारखी घरघर येत होती.

हे ऐकून गावप्रमुख विग्न्यो हसला. "मास्तरांना तुमच्यावाचून करमत नसेल, बाई!"

"मग एकटे आले असते. सासूबाईंना कशाला बरोबर आणलं असतं?"

विग्न्योचं हसू मावळलं, पण जमीनच सरकतेय असं बाईंनी सांगूनही शाळा हलवायला तो तयार होईना.

बाई सार्दीला घेऊन वर कॉफीच्या मळ्यात गेल्या. तिथं डोंगर आडवा चिरला होता. भेगेतून गार वारा येत होता. दुसऱ्या दिवसापासून त्यांनी कुणालाही न विचारता अख्खी शाळा ओढ्यापलीकडे, भाताच्या कोठाराच्या ओसरीवर भरवली. विग्न्योनं वर तक्रार केली.

बाराव्या दिवशी, सकाळी दहाला, ऊन पडलेलं असताना डोंगर खाली आला. शाळा, विहीर, कब्रस्तान, सगळं मातीखाली गेलं. माणूस एकही दगावलं नाही.

संध्याकाळी विग्न्यो ओसरीवर आला. "बाई, उरलेली घरं कुठं हलवू?"

बाईंनी कोठारामागचा माळ दाखवला. मग घरी जाऊन पडल्या. तीन दिवस ताप उतरला नाही.