आमच्याच घराची सही

जर्मनीत इंगोलश्टाटजवळच्या आमच्या खेड्यात फायबरचं इंटरनेट आणायला एक नवी कंपनी तयार झाली, पण अट घालून. शनिवारपर्यंत दहापैकी चार घरांच्या सह्या आल्या तरच रस्ता खणणार. मला तर झोप लागेना. मी घरून काम करायचे, ऐन मीटिंगमध्ये माझा चेहरा आ वासून गोठायचा, आणि साहेबीणबाईंनी बजावलं होतं, नेट सुधारा नाहीतर रोज म्युनिकला या. लेक दीड वर्षाची. म्हणजे नोकरीवर पाणीच सोडायचं.

त्यात जुन्या कंपनीला अचानक आमचा पुळका आला. इतकी वर्षं तक्रारींना भीक घातली नाही, आणि आता घरोघर माणसं पाठवून म्हणे, आमचंच ठेवा, स्वस्तात देतो. माझं डोकंच फिरलं. दिवाळीच्या चकल्यांचा डबा आणि सासरे, दोघांना घेऊन मी उंबरठे झिजवायला निघाले. सासरे सांगलीच्या टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेले, तीन महिन्यांसाठी आमच्याकडे आले होते. "लोक कनेक्शनसाठी माझ्या दारात यायचे, आता मी त्यांच्या दारात," म्हणत ते भलतेच खुशीत चालायचे.

शुक्रवारी राटहाउसमध्ये, म्हणजे गावच्या कचेरीत, कंपनीच्या टेबलावर यादी पाहिली. एकच घर कमी. "तुमचंच," तिथली मुलगी म्हणाली, "भाडेकरूच्या सहीला मालकाची संमती जोडावी लागते." मी कपाळावर हात मारून घेतला. अख्खं गाव पटवलं आणि स्वतःचं घर राहिलं.

मालकीणबाई खालीच राहतात. त्या दारातच नाही म्हणाल्या. अंगणातली पिओनीची फुलझाडं त्यांच्या दिवंगत नवऱ्याने लावलेली, तिथे केबलसाठी कुदळ लागू देणार नाहीत. मी तावातावाने वाद घालत बसले. सोबत आलेले बाबा, म्हणजे सासरे, मात्र गुडघे टेकून खाली बसले आणि काठीने मातीत रेघ ओढली, फुटपाथपासून भिंतीपर्यंत, फुलझाडांना लांबून वळसा घालून.

"सूनबाई, सांग त्यांना, आयुष्यभर लोकांच्या अंगणांतून तारा नेल्या, एक तुळस मोडली नाही."

मी सांगितलं. बाई रेघेकडे बघत राहिल्या. "अशीच?"

"गेनाऊ," बाबा म्हणाले. 'अगदी तसंच' अशा अर्थाचा, त्यांना येणारा तेवढाच जर्मन शब्द.

बाईंनी सही केली.

खणणारे आले तेव्हा बाबा सांगलीला परतले होते. बाईंनी स्वतः उभं राहून त्याच रेघेवरून केबल न्यायला लावली. मे महिन्यात पहिली मीटिंग तासभर न गोठता झाली, म्युनिकचा विषयही निघाला नाही. मी लगेच बाबांना व्हिडिओ कॉल लावला.

"नोकरी राहिली ना?" ते म्हणाले. "मग आता फोन त्या फुलांकडे ने."