फोग्ट साहेबांचं पाणी

फोग्ट साहेब भारतात सहा वर्षं राहिले आणि मराठीतला एकच शब्द शिकले: 'झालं!' काम झालेलं असो वा नसो, बैठक आवरायची असली की टेबलावर दोन्ही तळवे आपटून ते 'झालं!' म्हणायचे आणि उठायचे. एका जर्मन बँकेच्या मुंबईच्या कचेरीत मी त्यांची सेक्रेटरी होते. बदलापूरहून रोज जायचे.

हा माणूस एवढा वर चढला कसा, हे हळूहळू त्यांच्याच गप्पांतून कळलं. हॅम्बुर्गची शाखा बुडाली तेव्हा ते सिंगापूरला पोचले होते; सिंगापुरात चौकशी लागली तेव्हा मुंबईला. "योग्य वेळी निघता आलं पाहिजे," असं ते अभिमानाने सांगत. मागे राहिलेल्यांचं काय झालं, हे त्या गोष्टीत कधीच नसे.

पुढे त्यांना फ्रँकफर्टच्या संचालक मंडळावर जायचं होतं. त्यासाठी काहीतरी समाजकार्य दाखवणं भाग होतं. मी बारवी धरणाजवळचा एक पाडा सुचवला. तिथून धरणाचं पाणी दिसतं, पण उन्हाळ्यात बायका झऱ्यावर हंडे घेऊन ताटकळतात. बँकेने टाकी, पंप आणि नळ मंजूर केले. काम उल्हासनगर कॅम्प पाचच्या पंप-मोटरवाल्या किशनभाईंना मिळालं.

उद्घाटनाच्या आठवडाभर आधी किशनभाई कचेरीत आले. "साहेब, पंपाला लाइटची लाइनच नाय आली अजून. थोडा थांबा ना, पक्का काम देतो."

मी भाषांतर करून सांगितलं. साहेब हसले. "टँकरने टाकी भरा. पाणी कुठून आलं ते फोटोत दिसत नाही."

"मॅडम, इनको समझाओ," किशनभाई कळवळून म्हणाले. "लोग आस लगाके बैठे हैं."

मी समजावू लागले. साहेबांचे तळवे टेबलावर आपटले. "झालं!"

अंबरनाथहून टँकर आला. साहेबांना फेटा बांधला, पाड्यावरच्या चांगुणाबाईने ओवाळलं, नळाला धार लागली, फोटो निघाले. संध्याकाळपर्यंत टाकी कोरडी.

थोड्याच दिवसांत चांगुणाबाई बदलापूरच्या बाजारात करवंदं विकताना भेटली. "बाई, तुमच्या गोऱ्या सायबानं पानी आनला न् जाताना संगं घेऊन गेला," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी मी हे साहेबांच्या कानावर घातलं. मंडळावर नेमणूक झाली होती; ते सामान बांधत होते. "माझ्या जागी येईल त्याला सांग," ते म्हणाले. नव्या साहेबाने मला "ते काम पूर्ण झालंय" म्हणून वाटेला लावलं.

विजेची लाइन दिवाळीच्या सुमाराला आली. किशनभाई आपला टेम्पो घेऊन पाड्यावर गेले, पंप जोडला, पाणी सुरू करून आले. बँकेला त्यांनी कळवलंही नाही.

फोग्ट साहेब मंडळावरून हारतुरे घेऊन निवृत्त झाले. आता तिकडे 'पाणी आणि माणुसकी' या विषयावर व्याख्यानं देतात! गेल्या उन्हाळ्यात त्यांचा फोन आला. व्याख्यानासाठी ओवाळणाऱ्या त्या बाईचा नळाशेजारी हसतानाचा ताजा फोटो हवा होता.

रविवारी मी पाड्यावर गेले. चांगुणाबाई हंडा भरत होती. साहेबांचा निरोप ऐकून तिने नळ बंद केला आणि माझ्याकडे पाहिलं.

"यो पानी कॅम्पवाल्या शेठनं आनलाय. फोटू त्याचा काढ."

परतताना मी कॅम्प पाचला गेले, दुकानात मोटर खोलून बसलेल्या किशनभाईंचा फोटो काढला आणि तोच जर्मनीला पाठवला. खाली एवढंच लिहिलं: 'पाणी यांनी आणलं.'

साहेबांचा त्यानंतर फोन आलेला नाही.