बोर्डावरची भाकरी

"यात रागावलेला कुठंय?"

मी कार्ड पुढे धरलं तेव्हा वैशाखरे गावातल्या त्या मावशीने विचारलेला हा पहिला प्रश्न. कार्डावर पाच गोल चेहरे असतात. पहिला हसरा, शेवटचा रडका, बाकीचे त्यांच्या मधले. उपचार झालेल्या माणसाने आपल्याला आता जसं वाटतं त्या चेहऱ्यावर बोट ठेवायचं आणि आम्ही ते टिपून घ्यायचं. शहापूरच्या आमच्या संस्थेचं हे काम. गरजू रुग्णांना आम्ही ठरलेल्या दवाखान्यांत पाठवतो, खर्चाचा काही भाग उचलतो आणि तीनेक महिन्यांनी त्यांच्या घरी जाऊन विचारतो: दुखतं का, आधी जमायचं ते काम आता जमतं का, दवाखान्यात माणसासारखं वागवलं का. डॉक्टरांचं म्हणणं फाइलमध्ये असतंच. रुग्णाचं म्हणणं विचारायला कुणीतरी चालत जावं लागतं.

"रागावलेला नाही," मी म्हटलं. "दुखत असेल तर या रडक्यावर बोट ठेवा."

"मी कशाला रडू? मला राग आलाय. तो काढा, मंग बोट ठेवते."

मी पेनाने कोपऱ्यात सहावा चेहरा काढला, भुवया खाली ओढलेला. तिने तो नीट निरखला आणि त्यावर बोट टेकलं. डाव्या हाताचं.

वैशाखऱ्याच्या त्या घरात मी मग तासभर बसले. बांधावरून घसरून तिचं उजवं मनगट मोडलं होतं. आम्हीच तिला शहापुरातल्या एका खाजगी दवाखान्यात पाठवलं होतं. त्याचं नाव इथे लिहीत नाही. नाव झळकवायची हौस त्यांना आहे, मला नाही. तिथे हातात धातूची पट्टी बसवली, हाड जुळलं, पण तळवा वळेना. अंगणवाडीत मदतनीस होती ती. खिचडीचं पातेलं उचलता येईना म्हणून काम सोडावं लागलं. घरी तांदळाची भाकरी थापायला घेतली की परातीतच फाटायची.

ती परत डॉक्टरांकडे गेली. डॉक्टरांनी एक्स-रे दिव्यासमोर धरला. हाड उत्तम जुळलंय म्हणाले. भाकरीचं सांगितलं तर म्हणाले, "भाकरी हा माझा विषय नाही. सुनेला सांग थापायला."

"मला सून नाय," मावशी मला म्हणाली. "एक मुलगी, ती बदलापूरला दिलेली. हे मी त्याला सांगायच्या आत त्यानं पुढच्याला हाक मारली."

एवढ्यावरही ती गप्प बसली असती, असं मला वाटतं. पण मग बोर्ड लागला.

हमरस्त्याकडे तोंड केलेल्या दवाखान्याच्या भिंतीवर तो मोठा फ्लेक्स होता. मधोमध हात जोडलेले डॉक्टर, भोवती हसऱ्या रुग्णांचे फोटो आणि प्रत्येकाच्या खाली त्याच्या तोंडचं म्हणून एक वाक्य. मावशीच्या फोटोखाली लिहिलं होतं: 'आता मी पहिल्यासारख्या भाकऱ्या थापते.'

फोटो तिचाच होता. घरी सोडायच्या दिवशी एका पोराने मोबाइल धरून "मावशी, हसा" म्हटलं आणि घरी जायचं म्हणून ती हसली. वाक्य मात्र तिचं नव्हतं. ते कुणी तरी आत एसीत बसून लिहिलं होतं. काढा म्हणून सांगायला गेली, तर काउंटरवरची मुलगी म्हणाली, "फुकट प्रसिद्धी मिळतेय की तुम्हाला."

"माझं त्वांड त्यांनी घेतलं," मावशी म्हणायची, "ते घेतलं तर घेतलं. पर त्या त्वांडात आपलं बोलणं घातलं. ते मी काढणार."

पुढच्याच आठवड्यात ती ऑफिसात आली आणि म्हणाली, "मला कामाला घ्या. घराघरात जाऊन विचारायचं ना? मला येतं." मी घेतलं. ती कशासाठी आली हे मला ठाऊक होतं. ज्या दवाखान्यात स्वतः उपचार घेतले त्या दवाखान्याच्या रुग्णांकडे जाऊ नये, असा नियम आमच्याकडे आज आहे. तेव्हा नव्हता. मावशीचं काम उरकल्यावर मीच तो केला.

तिच्याविषयी बाकीच्या कार्यकर्त्या मुलींच्या तक्रारी यायच्या. कुणाच्या घरी बसत नाही. पाणीसुद्धा घेत नाही. बरोबर गेलेलीलाही बसू देत नाही. हे खरंच होतं. ती दारात पदर खोचून उभी राहायची आणि म्हणायची, "आधी बोला, मंग चहा." कारण विचारल्यावर तिने मला सांगितलं, "चहा दिला की आपण पावणे होतो, बाय. पावण्याला कोण सांगतं घरातलं दुखणं? समदे बोलतात, बरं हाय." तुम्हीही कधी अशा कामाला गेला असाल, तर ते 'बरं हाय' ऐकलं असेल. त्याच्या पलीकडे जायला आमच्या शिकलेल्या मुली तोंडभर हसायच्या. मावशी नुसती उभी राहायची. शेवटी समोरचा कंटाळून खरं बोलायचा.

तिने आणलेली उत्तरं मी सुरुवातीला गुपचूप पडताळायचे. सूड घ्यायचाय म्हटल्यावर माणूस हसऱ्याचा रडका करू शकतो. तिने एकही केला नाही. "खोटं लिवायचं तर त्यांच्यात नि माझ्यात काय उरलं?" एकदा ती म्हणाली, आणि पुढे, "आणि खोटं पकडलं गेलं तर ते सुटतील. सुटू द्यायचं नाय मला."

बोर्डावरच्या माणसांकडे ती एकेक करून गेली. किन्हवलीच्या एका म्हाताऱ्या बाबांकडे मीही तिच्याबरोबर होते. त्यांचा गुडघा बदललेला. बोर्डावर त्यांच्याखाली लिहिलं होतं: 'आता मी डोंगर चढतो.' बाबा ओटीवरून अंगणात उतरताना खांबाला धरत होते.

"दुखतंय का, बाबा?" मावशीने विचारलं.

"दुखतंय ना. आधीपेक्षा जास्ती."

"शेतावर जाता?"

"नाय गो. संडासला जायचं तरी नातू धरतो."

मावशीने कार्ड पुढे केलं. बाबांनी झटकन हसऱ्यावर बोट ठेवलं.

"आता बोललात दुखतंय. मंग हा कसा?"

"अगो, बोर्डावर मी हसतोय ना," बाबा म्हणाले. "एवढ्या मोठ्या बोर्डावर हसायचं नि इथं रडायचं, बरं दिसतं का? माझी नातवंडं एस्टीतून हात करतात मला. कंडक्टर ओळखतो. तू काय ते लिव, पर बोर्डाला धक्का लावू नको."

परतताना एस्टीत मावशीने कार्ड पुन्हा काढून बघितलं. मग म्हणाली, "हे एक निराळंच झालं."

बोर्डावरच्या जवळपास सगळ्यांचं असंच होतं. दुखण्याच्या प्रश्नाला वाईट, कामाच्या प्रश्नाला वाईट आणि चेहरा हसरा. दवाखाना आमच्याकडून फक्त चेहऱ्यांचा निकाल मागून घ्यायचा आणि तोच सगळीकडे दाखवायचा.

त्या वेळच्या आढावा बैठकीत दवाखान्यांचे निकाल वाचताना मी क्रम बदलला. आधी दुखणं, मग काम, चेहरे सगळ्यात शेवटी. डॉक्टर पुढच्या खुर्चीत होते. थोडा वेळ त्यांनी ऐकलं आणि म्हणाले, "लोक हसतायत, आणि तुम्ही त्यांचं दुखणं उकरून काढताय."

"उकरायला ते पुरलंय कुठं?" मागून मावशी म्हणाली. "वरतीच हाय."

डॉक्टरांनी मला विचारलं, "या बाई कोण?"

"तुमच्या भिंतीवर हाय मी," मावशी म्हणाली. "येता-जाता बघता नाय का?"

डॉक्टरांनी पाण्याची बाटली उघडली, प्याले नाहीत, पुन्हा बंद केली. मी त्यांची बाजू इथे मांडणार नाही. ती मांडायला त्यांच्याकडे भली मोठी भिंत होती.

हाडांच्या शस्त्रक्रियेसाठी त्या दवाखान्यात रुग्ण पाठवणं संस्थेने थांबवलं. मी घरी जाऊन गोड केलं. दुसऱ्या दिवशी मावशीला पेढा दिला, तर तिने तो हातात धरून विचारलं, "बोर्ड?"

"बोर्ड त्यांच्या जागेवर आहे. तिथे आपला अधिकार नाही."

तिने पेढा परत बॉक्समध्ये ठेवला. मग रजा मागितली, आठवडी बाजाराच्या दिवसाची. कारण विचारलं.

"भाकऱ्या थापायच्यात."

मी सही केली.

वैशाखऱ्याहून मुरबाड, तिथून गाडी बदलून शहापूर. एवढ्या प्रवासात तिने परात, तवा, पिठाचा डबा आणि सरपणाची मोळी आणली. दवाखान्याच्या त्या भिंतीखाली बाजाराच्या दिवशी भाजीवाल्या बसतात. त्यांच्यात जागा करून मावशीने तीन दगड मांडले, चूल पेटवली, उकड मळली आणि उजव्या हाताने भाकरी थापायला घेतली. बरोबर आपल्या फोटोखाली.

भाकरी फाटली. तिने ती तशीच तव्यावर टाकली, शेकली आणि टोपलीत ठेवली. दुसरी घेतली. तीही फाटली. ती कुणाला काही सांगत नव्हती. लोकच थांबत होते. खाली बघत होते, वर बघत होते.

"मावशे, ही वरची तूच ना?" एकाने विचारलं.

"काय लिवलंय ते वाच."

त्याने मोठ्याने वाचलं. मग परातीत बघितलं. मग दवाखान्याच्या दाराकडे. शेजारची सुकटवाली ओरडली, "गो, मला बोर्डावरची दे. ही फाटकी नको." सगळा बाजार हसला. मावशीसुद्धा हसली, आणि हे हसणं कुणी मोबाइल धरून मागितलेलं नव्हतं.

वॉचमन धावत आला. "मावशी, इथं थापू नका. साहेब वरडतात."

"तुमच्याच बोर्डावर लिवलंय मी थापते म्हणून. थापतेय."

वॉचमनने वर पाहिलं. वाचून झाल्यावर तो परत गेला.

मी दुपारी पोचले. सुकटवालीकडून सुकट घेतली, तिथेच भाजून घेतली आणि मावशीच्या भाकरीबरोबर उभ्याउभ्याच खाल्ली. मीठ कमी होतं. तरी इतकं चवीने मी बऱ्याच दिवसांत जेवले नव्हते.

पुढच्या बाजाराला ती पुन्हा बसली. त्याच्या पुढच्या बाजारालाही. तोवर लोक खास बघायला येऊ लागले होते. दवाखान्याच्या दारात रिक्षातून उतरलेली माणसं आधी मावशीकडे येऊन विचारू लागली, इथलं कसं आहे. ती नुसती परात दाखवायची. त्या तिसऱ्या बाजाराच्या दिवशी डॉक्टरांची गाडी बाहेर पडताना गर्दीत अडकली. काच खाली आली.

"काय पाहिजे तुला?"

मावशीने टोपलीतली भाकरी उचलून पुढे धरली. "पहिल्यासारखी हाय का, एवढं सांगा."

काच वर गेली. दोन दिवसांनी भिंत मोकळी होती.

मावशीने तेव्हा मात्र पेढा खाल्ला. दोन खाल्ले. पण त्याच आठवड्यात किन्हवलीचे बाबा नातवाचा हात धरून ऑफिसात आले. मावशी समोरच होती.

"माझा फोटो कुठं गेला गो?" ते म्हणाले. "तुला बोललो होतो, धक्का लावू नको."

ज्याचं वाईट व्हावं असं तिला वाटत होतं त्याच्याबरोबर या म्हाताऱ्याचंही काही गेलं होतं, आणि ते भरून द्यायला तिच्याकडे काही नव्हतं. तिने त्यांना खुर्ची दिली, पाणी दिलं, माफी मागितली नाही. मग बोर्ड लावणाऱ्या पोराला शोधून काढलं आणि उतरवलेला फ्लेक्स त्याच्याकडून मागून आणला. ऑफिसच्या जमिनीवर तो पसरला, डाव्या हाताने कात्री चालवत बाबांचा चेहरा कापून काढला. खालचं डोंगर चढायचं वाक्य वेगळं केलं आणि केरात टाकलं. बाकीचा फ्लेक्स ती गुंडाळून घरी घेऊन गेली. बाबांच्या ओटीवर तो फोटो आजही खिळ्याला आहे. आल्यागेल्याला ते दाखवतात. मावशीशी मात्र ते पुढे कधी पूर्वीसारखं बोलले नाहीत, आणि तिनेही त्यांना तसा आग्रह केला नाही.

त्यानंतर ती दोन वर्षं आमच्याकडे होती. काविळीने गेली. जलदान विधीला मी वैशाखऱ्याला गेले. विधी झाल्यावर तिची मुलगी मला मागच्या अंगणात घेऊन गेली. सरपणावर तो फ्लेक्स अंथरलेला होता, कडेकडेने कापलेला. उरले होते फक्त डॉक्टर, हात जोडून. कोंबड्या त्यांच्यावर रात्री बसत असणार, ते दिसतच होतं.

"आईचा फोटो यातच होता ना?" मी विचारलं.

"तो तिनं चुलीत घातला. ह्यो ठेवला. लाकडं भिजत नाहीत बोलायची." मुलगी थोडी ओशाळली. "काढून टाकू का आता? लोक येतात."

"राहू दे," मी म्हटलं. "चांगला जाड आहे."

दवाखाना चालू आहे. असे दवाखाने एका बाईने बंद पडत नाहीत. भिंतीवर नवा बोर्ड आहे, त्यावर इमारतीचा फोटो आणि वेळा. माणसांचे चेहरे नाहीत, त्यांच्या तोंडी घातलेलं काही नाही. बाजाराच्या दिवशी मी मुद्दाम त्या बाजूने जाते. भिंतीखाली एखादी अनोळखी बाई टोपली घेऊन टेकली, की वॉचमन उठून येतो, वाकून टोपलीत बघतो. मेथी असते, भोपळे असतात. पीठ नाही याची खात्री झाली की तिला बसू देतो.