भिंतीकडची रांग

रोपवाटिकेत त्याला सगळे कलममामा म्हणत. तिरका काप घ्यायचा, काडीला काडी जोडायची, वरून सुती पट्टी घट्ट गुंडाळायची. त्याच्या हातची कलमं शंभरात पाचही मरत नसत. "यश देणारा वर बसलाय," असं तो म्हणायचा खरा, पण म्हणताना मान जरा ताठच असायची.

भिंतीकडच्या रांगेतल्या पट्ट्या सुटून कलमं सुकायला लागली. ती रांग त्याच्या थोरल्या वहिनीने बांधलेली. त्याने कामावरच्या सगळ्या बायकांसमोर तिला सुनावलं, "वहिनी, तुमच्या हाताला आता गाठच बसत नाही. आजपासून पिशव्यांत माती भरा."

"भाऊजी, लहानपणी तुमच्या चड्डीची नाडी मीच बांधायचे हो. ती कधी सुटली नाही."

बायका फिसकन हसल्या. हा हसला नाही. वहिनी मुकाट्याने मातीच्या ढिगाकडे गेली.

मग ती रांग त्याने स्वतः बांधली. दुसऱ्याच दिवशी सकाळी येऊन बघतो तर त्याच्याही सहा गाठी सुटलेल्या! त्याने इकडेतिकडे पाहिलं आणि कोणी यायच्या आत नव्या पट्ट्या गुंडाळून टाकल्या. पुढचे तीन दिवस तेच.

पाचव्या सकाळी बांधता बांधता तो जरा टेकला, तर भिंतीवरून एक खार उतरली. एका कलमाच्या पट्टीचं टोक दातांत धरून मागे मागे सरली, पट्टी सुटताच पुढच्या पायांनी तिचा गोळा करून तोंडात कोंबला. दोन्ही बाजूंनी पांढऱ्या मिशा लोंबतायत, असं ते ध्यान! तो गोळा भिंतीच्या भोकात ठेवून खारबाई परत आल्या, थेट त्याच्या गुडघ्यावर चढल्या आणि हातातली पट्टी ओढू लागल्या. त्याने सोडली नाही, तशी त्यालाच चिक् चिक् करून रागे भरल्या. तो पोरासारखा खळखळून हसला. "घे बाई, घे. पिल्लांना गादी कर."

हसू ओठांवर होतं तोच त्याला मातीचा ढीग दिसला. शेजारी वहिनीचं हात पुसायचं फडकं, नीट घडी घातलेलं. हसू जागीच विरलं.

चहाच्या वेळी तो सगळ्यांपुढे उभा राहिला. "वहिनी, गाठी खार सोडत होती. तुमची चूक नव्हती."

एवढ्यावर थांबता आलं असतं. बायका हसून मोकळ्या झाल्या असत्या. पण वरचा बघत होता, आणि ज्याच्या नावाने मिरवलं त्याच्यापासून काय लपणार?

"माझ्याही सुटत होत्या," तो खाली बघत म्हणाला. "रोज सकाळी गुपचूप बांधत होतो."

कोणी हसलं नाही. वहिनीने चहाचा घोट घेतला. "माहीत होतं. पाणी घातलं की पट्ट्या मळतात. तुमच्या रोज कोऱ्या करकरीत."

"मग बोलला का नाहीत?"

"चारचौघांत?" ती म्हणाली.

त्याने पट्ट्यांचा गुंडाळा तिच्यापुढे ठेवला आणि मातीच्या ढिगाशी जाऊन बसला. पहिलीच पिशवी वेडीवाकडी भरली गेली. वहिनीने येऊन ती उचलली, ठोकून सरळ केली आणि त्याच्या हातात दिली. त्याला वर बघवलं नाही.