चिलापीचा जिताडा

चिलापी खायला चांगली असते का, हा प्रश्न आमच्या गावात कुणाला पडत नाही. खडकवासल्याच्या पाण्याकाठी घर आणि अण्णांच्या, म्हणजे वडिलांच्या, हातात कायम गळ. लहानपणापासून मी तीच खात आले. लग्न होऊन वाघोलीला आले तेव्हा कळलं, या माशाला काडीची किंमत नाही. सासूबाई मूळच्या रत्नागिरीकडच्या. धरणातला मासा म्हणजे त्यांच्या लेखी चिखल.

अण्णांनी पहिल्यांदा चिलापी पाठवली तेव्हा सासूबाईंनी पिशवी न उघडताच कामवाल्या मावशींना देऊन टाकली. मी मात्र अण्णांना फोनवर सांगितलं, "सगळ्यांनी बोटं चाटून खाल्ली." अण्णा केवढे खूश झाले! तिथेच माझं चुकलं.

कारण एका रविवारी ते दोन बस बदलून स्वतःच पिशवी घेऊन दारात हजर झाले. नवरा बाहेरगावी होता आणि सासूबाई खाली बागेत फिरायला गेल्या होत्या.

"तुझ्या सासूबाईंना लई आवडती ना? आज समद्यांसंगं जेवूनच जातो," ते म्हणाले.

त्यांच्यादेखत ती पिशवी मावशींच्या हातात गेली असती तर?

पहाटेच निघालेले अण्णा अंघोळीला गेले आणि मी सुरी घेतली. चिलापीला मातीचा वास येतो म्हणणारे लोक तिच्या पोटातला काळा पापुद्रा काढत नाहीत. तो नखाने नीट खरवडला, मीठ-हळद चोळून मासा धुतला, की वास उरत नाही. एवढं करून मी थांबायला हवं होतं. पण मी कातडी सोलली, काटे काढले, डोकी आणि शेपट्या कागदात गुंडाळून कचऱ्याच्या डब्यात तळाशी दडपल्या. तुकड्यांना कोकमाचं आगळ आणि तिखट लावत होते, तेवढ्यात सासूबाई आल्या.

"कसला मासा गं?"

"समुद्रातला जिताडा. ऑनलाइन मागवलाय."

वळून बघते तर अण्णा खांद्यावर पंचा टाकून दारात उभे. ते तसेच हॉलमध्ये जाऊन बसले. त्यांना बाजूला घेऊन समजवायला मला दोन मिनिटं हवी होती, पण सासूबाई ओट्यापासून हलायलाच तयार नाहीत.

ताटं वाढली. सासूबाईंनी तुकडी मोडली.

"याचे काटे कुठे गेले?"

"दुकानदारानेच काढून दिले."

त्यांनी सावकाश घास चावला. मी त्यांच्या तोंडाकडे बघत होते.

"झकास! अहो व्याही, घ्या ना अजून. तुमच्या धरणातल्या माशाला येईल का ही चव?"

अण्णांचा घास हातातच राहिला. मी मनातल्या मनात त्यांना विनवत होते. खरं बोला म्हणून की गप्प राहा म्हणून, ते मला आजही सांगता येत नाही.

"न्हाई येत," अण्णा म्हणाले. "समुद्राचं ते समुद्राचंच."

मला स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावंसं वाटलं. आई, ही चिलापी आहे, अण्णांनी धरलेली, एवढंच तर सासूबाईंना सांगायचं होतं. लग्नाला चार वर्षं झाली होती, कोण मला घराबाहेर काढणार होतं? तरी तोंड उघडलं नाही. मी ताक वाढलं.

निघताना लिफ्टमध्ये अण्णांना सगळं सांगितलं, पहिल्या पिशवीचंही. "बरं," एवढंच ते म्हणाले.

पंधरा दिवसांनी सासूबाईंना जिताड्याची आठवण झाली. मी बाजारातून खराखुरा जिताडा आणला. दोन घास खाऊन त्यांनी तोंड वाकडं केलं. "मागच्यासारखा नाही. त्याच दुकानातून मागव."

शेवटी लाज गुंडाळून ठेवून अण्णांना फोन केला.

"आणतो की. साफ करून, काटं काढूनच आणतो," ते म्हणाले. "फकस्त वर येत न्हाई. तू खाली गेटपाशी ये."

आता महिन्यातून एकदा येतात. पिशवी देतात, माझी तब्येत विचारतात आणि परतीची बस धरतात. सासूबाई ताट चाटूनपुसून जेवतात. मी अजून त्यांना सांगितलेलं नाही.