मला खमसा म्हणायचे

अम्मा, त्या दिवशी एसटी स्टँडवर तू मला बुरख्याची बटणं लावून देत होतीस आणि सारखी म्हणत होतीस, "नीट राहा, कुणाला उलटून बोलू नको." मी सातवीत होते. मला न्यायला आलेली जैनबखाला पुढं उभी. तिनं अब्बांना सांगितलंन, तिकडं सौदीत एका चांगल्या घरात लहान मूल सांभाळायचं आणि संध्याकाळी इंडियन स्कूलमध्ये जायचं, इंग्लिश मीडियम. म्हणून मी पिशवीत कंपास घेतला होता. अब्बा खूश होते. तूही रडली नाहीस, मी शाळेत चालले होते ना.

विमानात खालानं मला एक वाक्य पाठ करून घेतलंन. खमसा व इश्रीन. म्हणाली, अरबी माणसानं काहीही विचारलं तरी हेच बोल, दुसरं तोंडातून काढू नको. मला वाटलं सलाम असेल, मी ठीक आहे असं काहीतरी असेल. एअरपोर्टवर काचेमागच्या माणसानं विचारलंन, मी बोलले, त्यानं शिक्का मारलान. मला इतकं बरं वाटलं, अरबी आली की आपल्याला!

मग दम्मामचं घर. घरातल्या म्हातारीनं हसून काहीतरी विचारलंन, मी बोलले, खमसा व इश्रीन. नाव विचारलंन तरी तेच, जेवलीस का विचारलंन तरी तेच. सगळं घर हसलं. त्या दिवसापासून पोरं मला खमसा म्हणायला लागली. या खमसा, पाणी! या खमसा, यल्ला! म्हणजे ए खमसा, चल लवकर. माझं नाव नसीम आहे हे तिथं कुणालाच माहीत नव्हतं. शाळा तर सोड, जिन्याखाली उतरायचं ते फक्त कचरा टाकायला. मॅडमनं हातावर इस्त्री ठेवलीन तेव्हाही मी उलटून बोलले नाही, तुझंच ऐकलं. एक दिवस कचरा टाकायला उतरले आणि वर गेलेच नाही, पळत सुटले, कोपऱ्यावरच्या बकाल्यात, किराणा दुकानात, श्रीवर्धनचा एक चाचा होता त्यानं मला आत घेतलंन. पुढं आपल्या वकिलातीचं आसऱ्याचं घर, मग विमान, मग तू. तू मला मिठी मारलीस आणि म्हणालीस, कुणाला सांगू नको, लग्न व्हायचंय.

नाही सांगितलं. लग्न झालं, आणि मी परत इथंच आले, रियाधला, ह्यांच्या फॅमिली व्हिसावर. हे बत्ह्याच्या बाजारात एका दुकानाचे हिशोब बघतात. पासपोर्ट नवा निघाला पण जन्मतारीख जुनीच उचलली गेली, खालानं वय वाढवून लिहवून घेतलेली. म्हणून कागदावर मी यांच्यापेक्षा मोठी. हे हसतात, "बायको कसली, माझी खालाच लागतेस तू!" मी पण हसते. इकाम्यावर, इथल्या राहायच्या परवान्यावर, तेच, हिबाच्या जन्माच्या कागदावर तेच. हिबा तीनची आहे, कुणी म्हटलं "किती उंच झाली" की मी तिला कडेवर घेते, सोडतच नाही; उंच पोर कागदावर मोठी करता येते.

इथंच मलाझ मोहल्ल्यात अनघाताई राहतात, पुण्याच्या, नवरा बँकेत. त्या आसऱ्याच्या घरातल्या मुलींना शिकवायला जातात, कागद होईपर्यंत मुली तिथं नुसत्या भिंतीकडं बघत बसतात म्हणून. मलाही त्यांनीच बाहेरून दहावीच्या परीक्षेला बसवायचं काढलंय. गेल्या महिन्यात त्यांचा फोन, "नसीम, तुमच्या रायगडकडची एक मुलगी आलीय, शबनम, माझ्याशी अक्षर बोलत नाही. तू येतेस का?"

हे म्हणाले, "जा, पण तुझं काही सांगू नको. जन्मतारीख खोटी निघाली तर इकामा खलास. मग हिबाला घेऊन कुठं जायचं?"

मी गेले. हिबा कडेवर. वकिलातीचे साहेब फाईल घेऊन बसलेले, आपल्याच देशाचे पण उत्तरेकडचे, हिंदी बोलणारे. म्हणाले, पासपोर्टवर पंचवीस आहे, मुलगी स्वतः पंचवीस म्हणते, मोठ्या बाईला आम्ही घरी पाठवतो, तिचा मामा एअरपोर्टवर घ्यायला येणार. अनघाताई म्हणाल्या, "अहो, मामानंच पाठवलंय तिला! लहान आहे असं लिहा, म्हणजे वसतिगृहात जाईल, शाळेत जाईल." साहेब म्हणाले, "मैडम, सबूत?"

शबनमकडं बघितलं. ओढणीचं टोक चावत होती. मी तिला अरबीत विचारलं, "इस्मिक एश?" नाव काय तुझं, एवढंच.

ती म्हणाली, "खमसा व इश्रीन."

पुन्हा विचारलं, जेवलीस का. "खमसा व इश्रीन."

नावाला पंचवीस, जेवणाला पंचवीस. साहेबांचं पेन थांबलं. "आपको कैसे पता?"

हिबा माझ्या कानातलं ओढत होती. मी सांगितलं. सगळं. जैनबखालाचं नाव, बुरखा, विमान, दम्माम, आणि माझ्या इकाम्यावरची तारीख पण. मग शबनमजवळ जमिनीवर बसले, आपल्या बोलीत विचारलं, "बाय, कितवीत होतीस गो?" मग म्हणाली, "सहावीची पुस्तकं मिळाली होती. कव्हरं घालायची राहिली." आणि तोंड दाबून रडायला लागली.

साहेबांनी तिच्या गावच्या शाळेत फोन लावला. बारा वर्षं पूर्ण नव्हती.

शबनम गेली, वसतिगृहात. मामाला भेटू देत नाहीत. माझा पासपोर्ट साहेबांनी ठेवून घेतलाय, बघू म्हणाले. हे दोन आठवडे नीट बोलत नाहीत, परवा फक्त म्हणाले, "केलंस ते केलंस," आणि हिबाला फिरवायला घेऊन गेले. मी खिडकीत उभी, ते परत येईपर्यंत. अम्मा, जैनबखाला अजून तुझ्या ओटीवर येऊन बसते हे मला ठाऊक आहे. मला परत पाठवलं तर मी त्या घरात पाय ठेवणार नाही. राग मानू नको. तू माझ्याकडं ये, मी जिथं असेन तिथं.

तिथं म्हणजे कुठं, ते मला पण कळत नव्हतं. काल शबनमचा वसतिगृहातून फोन आला. सहावीतच बसवलंय, पण उंच म्हणून मागच्या बाकावर, त्याचाच तिला राग. म्हणाली, दीदी, भूगोल वाचून दाखवू? मी म्हटलं दाखव. एकेक अक्षर लावत वाचायला लागली आणि एका शब्दाला अडली. अक्षवृत्त. मला म्हणाली, तू सांग. मलाही येईना. पृथ्वीवर आपण कुठं आहोत ते सांगायला असतं म्हणे. ती तिकडनं अक्ष, अक्ष करत होती, मी इकडनं वृत्त, वृत्त, हिबा मधेच ओरडत होती, आणि आम्ही दोघी हसत सुटलो. फोन तुटला. तेवढा वेळ मी घरी होते.